वठलेली झाडे आणि छायाचित्रकाराची नजर

वाङ्मयाच्या अभ्यासाला वाहिलेल्या ह्या पृष्ठांत छायाचित्रांची चर्चा कशासाठी, असा आक्षेप कोणी घेतल्यास तो अगदीच निराधार म्हणता येणार नाही. छायाचित्रणात प्रस्तुत लेखकाला गती नाही. कॅमेरा हाती धरून त्याने आजवर काही साधले असेल तर ती शाळेच्या स्नेहसंमेलनातील डोकी कापली गेलेली काही चित्रे. तथापि चित्र डोळ्यांनी पाहिले जात असले, तरी ते मनात शिरते ते बहुधा शब्दाचे बोट धरून. तो शब्द आपण भाषेचे शिक्षक मुलांच्या हाती आगाऊ देऊन ठेवतो. तो चुकीचा असला तर पुढे डोळाही चुकतो. आणि डोळा चुकला की हातून काय घडते, ह्याचा एक कडू अनुभव माझ्या पदरी आहे. तो यथास्थळी सांगेन.

निमित्त असे झाले. आमच्या शाळेच्या चित्रकला-शिक्षकांना अमेरिकेतील डोंगराळ, कोरड्या मुलखातल्या जुनाट झाडांच्या छायाचित्रांचा नाद आहे. एडवर्ड वेस्टन, ॲन्सेल ॲडम्स, डेव्हिड म्युन्श अशांची पुस्तके त्यांनी कुठून कुठून, काही परदेशी गेलेल्या माजी विद्यार्थ्यांकरवी, जमविली आहेत. एका पावसाळ्यात त्यांनी त्यांतील निवडक चित्रे शाळेच्या ग्रंथालयात मांडली. मी दहावीच्या वर्गाला तेथे नेले आणि एका जुन्या दिनदर्शिकेतून घेतलेल्या रंगीत चित्रावर दहा ओळी लिहावयास सांगितले. चित्र कॅलिफोर्नियाच्या पूर्व सीमेवरील व्हाइट पर्वतावरच्या एका ब्रिस्टलकोन पाइनचे होते. पिळवटलेले, सोललेले, मधाच्या रंगाचे खोड. मागे गर्द निळे आभाळ. जमीन जवळजवळ नाहीच.

वह्या आल्या. बहुतेकांनी ‘तपश्चर्येत मग्न ऋषी’ लिहिला होता. काहींनी ‘मृत्यूशी झुंजणारा वृद्ध योद्धा’ आणला, दोघांतिघांनी ‘भग्न देवालय’. शुद्धलेखन बरे, अलंकार यथास्थित. मी समाधानाने गुण दिले. एका मुलीने मात्र लिहिले होते की, झाडाच्या डाव्या अंगाला खाली थोडे हिरवे दिसते, ते ह्याच झाडाचे आहे की मागच्या दुसऱ्या? तिच्या ओळीखाली मी तांबड्या शाईने ‘विषयांतर’ असा शेरा मारला. संध्याकाळी ग्रंथालय बंद करताना सहज त्या चित्राजवळ गेलो, चष्मा पुसला आणि पाहिले. हिरवे होते. ते त्याच झाडाचे होते. खोडाच्या कडेने सालीची एक अरुंद पट्टी मुळापासून वर चढत गेली होती आणि तिच्या टोकाशी दाट, टवटवीत पानांची एकच फांदी होती. चित्रकाराने ती चौकटीच्या कडेला अर्धी कापली होती.

ह्या अर्ध्या कापलेल्या फांदीवर माझा सारा आक्षेप आधारलेला आहे. तो नीट मांडावयाचा तर आधी ते झाड समजून घेतले पाहिजे.

व्हाइट पर्वताच्या पश्चिमेला ओवेन्स खोरे आणि त्यापलीकडे सिएरा नेव्हाडाची भिंत. समुद्रावरून येणारे ढग त्या भिंतीवरच रिते होतात, आणि अलीकडच्या ह्या डोंगरावर वर्षाकाठी जेमतेम तीस सेंटिमीटर ओलावा उतरतो, तोही बहुतांशी बर्फाच्या रूपाने. दहा-अकरा हजार फुटांची उंची, पांढुरक्या डोलोमाइटची निकस जमीन, हिवाळी वारा. अशा ठिकाणी झाड उगवावे हेच नवल; परंतु एडमंड शुल्मन ह्या वृक्षवलयांच्या अभ्यासकाला १९५३ नंतरच्या काही उन्हाळ्यांत येथे जे आढळले ते त्याहून नवलाचे होते. ओलसर, सुपीक उतारांवरची झाडे लौकर वाढत, लौकर मरत. सर्वांत दीर्घायुषी झाडे सर्वांत हलाखीच्या जागी उभी होती. चार हजार वर्षांहून जुने ठरलेले पहिले झाड, ज्याला त्याने ‘पाइन अल्फा’ म्हटले, आणि १९५७ साली सापडलेले, त्याहून कितीतरी जुने ‘मेथुसेला’, ही दोन्ही अशाच जागची. शुल्मन १९५८ च्या जानेवारीत, पन्नाशीही गाठण्यापूर्वी वारला. ह्या झाडांविषयीचा त्याचा प्रसिद्ध लेख नॅशनल जिऑग्राफिकमध्ये त्याच वर्षीच्या मार्चात, म्हणजे त्याच्या पश्चात, छापून आला.

हे दीर्घायुष्य साधते कसे? येथे ‘तपश्चर्या’ हा शब्द आडवा येतो. तपश्चर्येत इच्छा असते, संकल्प असतो, पुढे फळ असते. झाडाचा मामला निराळा आहे आणि, माझ्या मते, अधिक चित्तवेधक आहे. ह्या पाइनचे प्रत्येक मूळ खोडाच्या आपल्या वरच्याच भागाला पाणी पुरविते. उतारावरची माती झिजून एखादे मूळ उघडे पडले व मेले, की त्याच्या वरची तेवढीच उभी पट्टी मरते. बाकीचे झाड चालू राहते. अशा एकेक पट्ट्या सोडीत सोडीत शेवटी भल्या थोरल्या खोडावर वीतभर रुंदीची जिवंत साल उरते, आणि तिच्या जोरावर मोजकी पालवी शेकडो वर्षे तगते. पानेही हे झाड दरसाल नवी करीत बसत नाही. एकेक सुई तीस-चाळीस वर्षे टिकते. खोडाची जाडी वाढावयाची ती शतकात एखादा इंच. मेलेले लाकूड राळेने भरलेले, घट्ट, आणि हवा थंड व कोरडी. त्यामुळे ते कुजत नाही, वाऱ्याबरोबर येणाऱ्या रेतीने आणि हिमकणांनी घासून गुळगुळीत होते. आपण ज्याला ‘जर्जर’ म्हणतो तो भाग वस्तुतः झाडाने केव्हाच हिशेबातून वजा केलेला आहे. एखाद्या जुन्या घरंदाज कुटुंबाने वाड्याचे चौक एकामागून एक बंद करावे आणि माजघरात संसार चालू ठेवावा, तसा हा प्रकार. (हीही उपमाच झाली, हे मला मान्य आहे. परंतु ती निदान झाडाच्या व्यवहाराला धरून आहे.)

आता चित्रांकडे वळू. अशा झाडांची जी शेकडो छायाचित्रे दिनदर्शिकांत आणि भेटकार्डांवर आढळतात, त्यांचा साचा ठरलेला आहे. छायाचित्रकार सकाळी किंवा संध्याकाळी, ऊन तिरपे असताना जातो. तिरप्या उन्हात लाकडाची रेषान् रेषा उठून दिसते, हे खरेच. तो खाली वाकून कॅमेरा वर रोखतो, जेणेकरून झाड आभाळावर चढावे. आभाळ गडद करण्यासाठी भिंगावर काच बसवितो. जमीन सुटते. पालवी सुटते, कारण हिरवा ठिपका त्या एकरंगी शोकनाट्यात विसंगत दिसतो. उरते ते सोललेले लाकूड. चित्र देखणे असते, नाकारण्यात अर्थ नाही. परंतु ते त्या झाडाचे चित्र नसते. त्या झाडाने टाकून दिलेल्या भागाचे असते. पाहणाऱ्याला वाटते, हे मरणाचे चित्र आहे, आणि दोन फुटांवर, चौकटीबाहेर, झाड खुशाल जगत असते.

हा दोष थोर छायाचित्रकारांत मात्र सरसकट आढळत नाही. त्यांच्यात मला सर्वांत जवळचा वाटतो तो वेस्टन. १९३७ साली त्याला गुगेनहाइम शिष्यवृत्ती मिळाली; छायाचित्रकाराला ती मिळण्याची ती पहिलीच वेळ. त्या वर्षी ॲडम्सच्या सोबतीने तो सिएरातील टेनाया सरोवराशी, सुमारे आठ हजार फुटांवर, गेला आणि तेथील ग्रॅनाइटच्या उघड्या खडकावरच्या ज्युनिपर वृक्षांची चित्रे घेतली. हे झाड निराळे, पण कुळी तीच: खडकाच्या चिरेत पाय रोवलेली, वाऱ्याने पिळलेली. वेस्टनजवळ आठ बाय दहा इंचांचा मोठा कॅमेरा होता. त्याच्या काचेवर उलटी प्रतिमा पाहत, काळ्या कापडाखाली डोके घालून, तो चित्र जुळवी आणि ऋणप्रत कागदाला चिकटवून, मोठी न करता, तेवढ्याच आकाराची प्रत काढी. त्यामुळे सालीचा एकही तंतू त्याला लपविता येत नव्हता, आणि त्याला तो लपवावयाचाही नव्हता. १९३२ साली त्याने, ॲडम्सने, इमोजेन कनिंगहॅम आदींनी मिळून जो ‘एफ ६४’ नावाचा गट काढला, त्याचे नावच भिंगाच्या अतिसूक्ष्म छिद्रावरून आले होते: छिद्र जितके बारीक तितके जवळचे आणि दूरचे सारखेच स्पष्ट. धूसर, हळवी, जलरंगाची नक्कल करणारी चित्रे काढण्याच्या त्या काळच्या रीतीविरुद्ध ते बंड होते.

वेस्टनच्या ज्युनिपरमध्ये ऋषी नाही. लक्ष आहे ते पिळावर; खोड कोठून वळले, का वळले, जिवंत साल कोणत्या बाजूने वर गेली ह्यावर. आपल्या चित्रांवर लोक भलतेच अर्थ लादतात ह्याची त्याला मनस्वी चीड होती, आणि १९३० मधल्या त्याच्या सुप्रसिद्ध ढोबळ्या मिरचीच्या चित्रावरून त्याला ह्याचा पुष्कळ ताप झाला. तेव्हा वेस्टननेही जमीन पुष्कळदा वगळली आहे, मग त्याला मोकळे कसे सोडता, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर असे की, त्याच्या चित्रात आपण इतके जवळ गेलेलो असतो की झाडावर भाष्य करण्याइतकी जागाच उरत नाही. सुताराने फळीवरून हात फिरवून नस कशी गेली आहे ते पाहावे, तशी ती नजर आहे. तिच्यात कणव नाही म्हणूनच खोटेपणाही नाही. तथापि वेस्टनच्या ह्या मालिकेला मी सर्वोच्च मानीत असलो, तरी तिच्यावरून ह्या झाडांचा संसार कळत नाही, ही उणीव उरतेच.

ॲडम्सची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे, आणि तिच्यात एका झाडाचे प्राण अडकलेले आहेत. योसेमिटीच्या खोऱ्यावर सेंटिनेल डोम नावाचा ग्रॅनाइटचा घुमट आहे, आठ हजार फुटांहून थोडा उंच. त्याच्या अगदी माथ्यावर, चिरेत, एक जेफ्री पाइन एकटाच उभा होता. वाऱ्याने त्याच्या फांद्या एकाच दिशेला आडव्या लोटल्या होत्या. कार्लटन वॉटकिन्सने १८६० च्या दशकात, काचेच्या ऋणप्रती खेचरांवर लादून नेण्याच्या काळात, त्याचे चित्र घेतले. १९४० च्या सुमारास ॲडम्सने घेतले. ॲडम्सचे चित्र पाहणाऱ्याला प्रथम जाणवतो तो वारा, जो कोणत्याही चित्रात दिसू शकत नाही, पण येथे फांद्यांच्या रोखावरून दिसतो. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटा टप्प्याटप्प्यांनी आधीच मनाशी बांधून मग चित्र घेण्याची जी पद्धती त्याने फ्रेड आर्चर ह्याच्यासह त्याच सुमारास बसविली, तिचे सामर्थ्य अशा विषयात दिसते: उन्हातला पांढुरका खडक आणि सावलीतली काळपट साल, दोहोंतील तपशील शाबूत.

चित्र उत्तम आहे. पण त्याने, आणि त्याच्यामागून आलेल्या हजारो चित्रांनी, त्या झाडाचे स्मारक केले. स्मारक जगते की मरते हा प्रश्न कोणी विचारीत नाही. १९७६-७७ च्या अवर्षणात झाड सुकू लागले तेव्हा लोकांनी बादल्यांनी पाणी नेऊन घातले. ह्या घटनेने मन हलते, नाही असे नाही. झाड वाचले नाही. आणि मग? मग सव्वीस वर्षे ते मेलेले झाड तसेच उभे राहिले आणि लोक घुमटावर चढून त्याची चित्रे घेतच राहिले. ऑगस्ट २००३ मध्ये ते कोसळले. त्या सव्वीस वर्षांतील जी चित्रे मी पाहिली आहेत, त्यांच्याखालील मजकुरात आधीच्या कौतुकाहून निराळा शब्द मला आढळला नाही. जिवंत झाडालाही ‘एकाकी रखवालदार’, मेलेल्यालाही तेच. नजर आकृतीवर खिळली की प्राण गेल्याचे तिला कळतही नाही.

डेव्हिड म्युन्शचा विचार ह्या ठिकाणी करावयास हवा, कारण त्याने जमीन परत आणली. डार्विन लॅम्बर्टच्या मजकुरासह १९७२ साली निघालेले त्याचे ‘टिंबरलाइन एन्शंट्स’ हे पुस्तक ब्रिस्टलकोनांनाच वाहिलेले आहे. म्युन्शची ओळखीची रीत म्हणजे रुंद भिंगाने पायाशी असलेली वस्तू आणि क्षितिजावरचा डोंगर एकाच चौकटीत पकडणे. रंगांचा त्याला थोडा सोस आहे, तो मला खटकतो. परंतु ह्या झाडांच्या बाबतीत पायाशी असलेली वस्तू म्हणजे बहुधा मूळ, आणि मूळ दाखविणे ही येथे केवळ रचनेची हौस ठरत नाही. व्हॅल्मोर लामार्श ह्या संशोधकाने १९६८ साली दाखविले की, ही उघडी पडलेली मुळे म्हणजे डोंगराच्या झिजेची मोजपट्टी आहेत. मूळ फुटले तेव्हा ते मातीखाली होते. आज ते अधांतरी किती उंचीवर आहे हे मोजा, त्याचे वय वलयांवरून मोजा, आणि उतार किती झिजला ते कळते. ते प्रमाण सरासरी हजार वर्षांना सुमारे एक फूट निघाले. म्हणजे झाड आपल्या जागेवर उभे आणि डोंगर त्याच्या पायाखालून निघून चाललेला! ज्या चित्रात मुळांखालची ती हातभर पोकळी आहे, त्यात चार हजार वर्षे खरोखरच दिसतात. जेथे ती कापली आहे, तेथे वय सांगण्यासाठी विशेषणे लागतात.

रेचेल सस्मन ह्यांनी सुमारे दहा वर्षे हिंडून जगातील दोन हजार वर्षांहून जुन्या जिवंत वस्तूंची चित्रे घेतली. त्यांचे पुस्तक २०१४ मध्ये निघाले. त्यात ब्रिस्टलकोनही आहे. त्यांच्या चित्रांना सौंदर्यदृष्ट्या मी वेस्टनच्या पंक्तीला बसविणार नाही. परंतु त्यांच्या चित्रांखाली नाव, वय आणि ठिकाण असते, विशेषण नसते, आणि भाषेच्या शिक्षकाला हा संयम शिकण्यासारखा वाटतो. रात्री झाडावर विजेऱ्यांचा झोत टाकून मागे आकाशगंगा उभी करण्याची जी टूम अलीकडे निघाली आहे, तिच्याविषयी अधिक लिहीत नाही. नाटकमंडळीच्या पडद्यापुढे खांब उभा करावा तसे ते झाड दिसते.

एक तुलना मात्र केल्यावाचून राहवत नाही. शास्त्रज्ञांच्या नोंदी आणि छायाचित्रकारांची चित्रे शेजारी ठेवून पाहावीत. नेव्हाडातील व्हीलर शिखराखाली एक ब्रिस्टलकोन होता, स्थानिक गिर्यारोहकांनी त्याला ‘प्रोमिथ्यूस’ म्हटले होते. १९६४ साली डोनाल्ड करी ह्या संशोधक विद्यार्थ्याने, वनखात्याच्या परवानगीने, अभ्यासासाठी तो तोडला. वलये मोजल्यावर चार हजार आठशेहून अधिक भरली. तोवर वय मोजलेल्या कोणत्याही झाडापेक्षा तो जुना होता. ह्या कृत्याबद्दल करीला आयुष्यभर बोल लागला. पण त्याने झाडाची जी नोंद लिहून ठेवली तिच्यात जिवंत सालीचा स्पष्ट उल्लेख आहे: उत्तरेकडे तोंड असलेली, सुमारे दीड फूट रुंदीची एकच पट्टी. शुल्मननेही पाइन अल्फाच्या सालीची पट्टी मोजली होती. ज्याने तोडले त्यानेही जिवंत किती आहे ते आधी पाहिले. आणि जे प्रेमाने चित्र घेतात, तेच ती पट्टी चौकटीबाहेर ठेवतात. प्रेम आणि अवलोकन ह्यांची फारकत इतकी उघड क्वचितच दिसते.

येथे माझा अनुभव. शाळेच्या आवारात, प्रयोगशाळेच्या मागे, एक चिंच होती. खोड पोकळ, ढोलीत मुले पाटीचे तुकडे लपवीत. एका बाजूच्या फांद्या पूर्ण वाळलेल्या. एका पावसाळ्यात त्यांतली एक पडली, कोणाला लागले नाही, पण पालकांची तक्रार आली. मी संबंधित कार्यालयाला पत्र लिहिले. त्यातील वाक्य मला पाठ आहे, कारण ते मीच रचले आणि रचताना ते मला बरे वाटले होते: आवारातील एक वठलेला जीर्ण वृक्ष विद्यार्थ्यांच्या जीविताला धोकादायक झाला आहे. कार्यालयाने त्या वाक्यावर विश्वास ठेवला. माणसे आली, करवत चालली. दुपारी बुंधा पाहावयास गेलो तो पूर्वेच्या अंगाला लाकूड ओले, आणि पडलेल्या एका फांदीवर कोवळी तांबूस पालवी व खाली काही कच्च्या चिंचा. मुले त्या गोळा करीत होती. वाळलेल्या फांद्या छाटून भागले असते. पण ‘वठलेला’ हा शब्द एकदा कागदावर उतरल्यावर छाटण्याचा प्रश्नच कोणाच्या मनात आला नाही, माझ्याही नाही.

मुलीच्या वहीवरचा ‘विषयांतर’ हा शेरा त्यानंतर दोन वर्षांनी मारलेला आहे, हे येथे नमूद केले पाहिजे. म्हणजे अनुभवानेही मी शहाणा झालो नव्हतो.

दोष आपल्या शब्दसंग्रहातही शोधावा लागेल. झाड वठले म्हणजे संपले. ‘वठलेल्या झाडाला पालवी फुटणे’ हा आपण चमत्कार समजतो, कारण वठणे आणि जगणे ह्यांची सरमिसळ आपल्या भाषेतील रूढ कल्पनेत बसत नाही. ‘जीर्ण’ हा शब्द वस्त्राचा आणि देवळाचा. त्याला पुढे उद्धाराचीच वाट. ‘वृद्ध’ म्हटले की माणूस आला, काठी आली, मग ऋषी यायला वेळ लागत नाही. एक शब्द मात्र आपल्या घरात पडून आहे, आणि तो सुतार व भाजीवाल्या बायका रोज वापरतात: ‘जून’. जून लाकूड म्हणजे मुरलेले, भरीव, घरासाठी वासे करावे असे. जून भेंडी मात्र टाकावी लागते. शब्दाच्या पोटात दोन्ही बाजू आहेत, आणि त्यात करुणाही नाही, गौरवही नाही. ब्रिस्टलकोनाला ‘जून झाड’ म्हणून पाहा. नजर आपोआप साल कोठे आहे ते शोधू लागते. समीक्षेतही हा शब्द उपयोगी पडेल. जुन्या ग्रंथकारांविषयी लिहिताना आपणही त्यांचे सोललेले लाकूडच आभाळावर चढवितो, आणि त्यांच्या लेखनात आज जी वीतभर साल जिवंत आहे ती चौकटीबाहेर राहते. पण तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

चित्रकला-शिक्षकांशी ह्या विषयावर माझा वाद झाला. त्यांचे म्हणणे असे की, छायाचित्र ही नोंदवही नव्हे. आकृतीसाठी काही सोडावेच लागते, आणि हिरवा ठिपका चित्र बिघडवितो तर बिघडवितोच. शिवाय त्या मृत लाकडाचीही योग्यता कमी लेखू नका, असे ते म्हणाले. ह्या दुसऱ्या मुद्द्यावर मला हार मानावी लागली. व्हाइट पर्वतावर पडलेली मेलेली खोडे हजारो वर्षे कुजत नाहीत. जिवंत झाडांच्या वलयांशी त्यांची वलये जुळवून अभ्यासकांनी सुमारे नऊ हजार वर्षांपर्यंत मागे जाणारी अखंड मालिका तयार केली, आणि कार्बनच्या साहाय्याने काढलेल्या प्राचीन वस्तूंच्या वयांत जी चूक राहत होती ती तिच्या आधारे दुरुस्त झाली. युरोपातील किती तरी पाषाणस्मारके त्यामुळे पूर्वी मानली होती त्याहून जुनी ठरली. तेव्हा मेलेले लाकूड मुके नाही. परंतु पहिल्या मुद्द्यावर मी अजून ठाम आहे. काही सोडावे लागते हे खरे. काय सोडावे ह्यातच चित्रकाराची परीक्षा आहे. वेस्टनने आभाळ सोडले, क्षितिज सोडले, भव्यता सोडली. साल सोडली नाही.

मेथुसेलाचे चित्र आमच्या भिंतीवर आहे काय, असे एका विद्यार्थ्याने मला विचारले. असेलही. ते झाड नेमके कोणते हे वनखात्याने गुप्त ठेवले आहे. लोकांनी ढलप्या काढून नेऊ नयेत म्हणून त्याच्याजवळ पाटी नाही, कुंपण नाही. त्या राईतून सुमारे साडेचार मैलांची पायवाट जाते आणि मेथुसेला तिच्या आसपास कोठेतरी उभा आहे, एवढेच येणाऱ्याला सांगतात. त्यामुळे ज्याला त्याचे चित्र हवे असते, तो वाट संपेपर्यंत एकाही झाडापुढून तसाच जाऊ शकत नाही. प्रत्येकापाशी थांबून, भोवती फिरून, साल कोणत्या अंगाला आहे ते त्याला पाहावे लागते.